राखाडीचे शेजारी

कापडाच्या दुकानात आपल्याकडच्या बायकांची एक सवय जुनी आहे. आत दिव्याखाली साडी पसंत पडली तरी ती लगेच बांधायला सांगायची नाही. पदर हातावर घेऊन उंबऱ्यापर्यंत जायचं आणि रस्त्यावरच्या उजेडात तो पुन्हा एकदा बघायचा. सोलापुरातल्या चादरी-टॉवेलांच्या दुकानांतही हे दृश्य दिसतं. लालभडक, मोरपंखी किंवा गडद हिरव्या रंगाच्या बाबतीत उंबऱ्यावरचा निकाल बहुधा आतल्यासारखाच लागतो. फिकट राखाडीचं तसं नाही. आत स्वच्छ, थंड वाटलेला राखाडी टॉवेल बाहेर आणला की कधी हिरवट दिसतो, कधी त्यावर मातकट पिवळसर झाक येते. शेजारी मरून चादर ठेवली तर तो आणखी बदलतो. टॉवेल तोच असतो, रंगही उडालेला नसतो. तरी डोळ्याला वेगळंच दिसतं.

घर रंगवताना, साडीचा काठ ठरवताना, पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा संकेतस्थळ बनवताना फिकट राखाडी हा ‘कशावरही चालणारा’ रंग म्हणून निवडला जातो. काही सुचलं नाही की राखाडी घ्यायचा, चुकायचा प्रश्नच नाही, असा समज आहे. माझं म्हणणं उलट आहे. फिकट राखाडी हा सगळ्यांत हळवा रंग आहे. त्याला स्वतःचा आवाज थोडा असतो, म्हणून शेजाऱ्याचा आवाज त्याच्यात लगेच घुमतो. तो चांगला वापरायचा असेल तर शेजाऱ्यांसकट निवडावा लागतो. सोलापूरसारख्या, सुतावर आणि रंगावर जगलेल्या शहरात ही गोष्ट फार नीट समजून घेता येते.

‘ग्रे’ म्हणजे कोरा

आधी शब्दांचा गुंता सोडवू. वस्त्रोद्योगात ‘ग्रे’ म्हटलं की राखाडी रंग अभिप्रेत नसतो. ‘ग्रे सूत’ किंवा ‘ग्रे कापड’ म्हणजे कोरं, न धुतलेलं, न रंगवलेलं. कच्च्या रेशमाला फ्रेंचमध्ये ‘ग्रेज’ म्हणतात, त्या शब्दाशी या ‘ग्रे’चं नातं आहे. कोरं सुती कापड डोळ्यांनी पाहिलं तर ते राखाडी नसून पिवळसर, सायीसारखं असतं. कापसाच्या तंतूवर मेण असतं, रंगद्रव्यं असतात, बोंडाच्या सालीचे बारीक कण असतात. त्या सगळ्यांची मिळून ती झाक होते.

मराठीत राखाडीची नावं वस्तूंवरून आलेली आहेत. राखेवरून राखाडी आणि राखी, धुरावरून धुरकट, पारव्यावरून पारवा. करडा हा शब्द आपण रंगालाही वापरतो आणि शिस्तीलाही. नवरात्रातल्या नऊ रंगांच्या याद्यांमध्ये हाच रंग ‘ग्रे’ नावानं येतो आणि त्या दिवशी कचेरीतल्या प्रत्येकीची साडी वेगळ्या राखाडीची असते. कुणाची निळसर, कुणाची तपकिरी, कुणाची चंदेरी. सगळ्या जणी बरोबर असतात, कारण राखाडी हे एका रंगाचं नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचं आडनाव आहे. त्या कुटुंबातली माणसं ओळखायची खूण म्हणजे ‘झाक’. राखेत ऊब असते, पारव्यात निळाई असते, धुरात जांभळट छटा मिसळते. आपल्या जुन्या नावांनी ही झाक जपून ठेवली होती. ‘लाइट ग्रे’ म्हटलं की ती हरवते.

अर्ध्या वाटेचं गणित

राखाडी दिसतो कसा? एखादा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या उजेडातले तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सगळे घटक सारख्या प्रमाणात परतवत असेल, पण पूर्ण परतवत नसेल, तर तो राखाडी दिसतो. जवळजवळ सगळं परतवलं तर पांढरा, जवळजवळ सगळं शोषलं तर काळा. मग काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधला राखाडी पन्नास टक्के उजेड परतवत असेल, असं वाटतं. तसं नाही. आपल्या डोळ्याला ‘मधला’ वाटणारा राखाडी फक्त १८ ते २० टक्के उजेड परतवतो. छायाचित्रकार कॅमेऱ्याचा उजेड ठरवायला जे राखाडी कार्ड वापरतात, ते १८ टक्क्यांचं असतं ते यामुळेच.

अमेरिकेतले चित्रकार आणि कलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये रंग मोजण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिचा कणा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडीची शिडी. खाली शून्य, वर दहा. पाचव्या पायरीचा राखाडी सुमारे २० टक्के उजेड परतवतो, आठव्या पायरीचा सुमारे ६० टक्के. आपण ज्याला फिकट राखाडी म्हणतो तो साधारण या आठव्या पायरीच्या आसपास राहतो. बाकी सगळे रंग या शिडीपासून बाजूला जसजसे सरकतील तसतसे तेजस्वी होत जातात. म्हणजे मन्सेलच्या मांडणीत राखाडी हा रंगांच्या घराचा मधला खांब आहे.

खांबाच्या अगदी जवळ उभं राहिलं की एक अडचण येते. गडद निळ्यात निळाई थोडी कमी-जास्त झाली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पण फिकट राखाडीत किंचितशी निळाई आली तरी डोळा लगेच म्हणतो, हा निळसर आहे.

याचं घरगुती उदाहरण म्हणजे नीळ. पांढरे कपडे धुवून वापरून पिवळट होतात. पाण्यात थोडी नीळ घालून ते बुडवले की पांढरेशुभ्र दिसतात. प्रत्यक्षात काय होतं? निळीचे कण उजेडातला पिवळा भाग शोषून घेतात. कापडाकडून परत येणारा एकूण उजेड आधीपेक्षा कमीच होतो. म्हणजे नीळ दिलेलं धोतर मोजमापानं अगदी थोडं अधिक काळपट असतं. पण पिवळी झाक गेल्यामुळे डोळ्याला ते अधिक पांढरं वाटतं. नीळ जास्त पडली की मात्र तेच धोतर फिकट निळसर राखाडी होतं आणि घरात बोलणी बसतात. पांढरा कुठे संपतो आणि राखाडी कुठे सुरू होतो, हे आपल्या आज्यांना बादलीतल्या पाण्याच्या रंगावरून कळत होतं.

गोबेलँच्या कारखान्यातली तक्रार

पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरचे चित्रपडदे विणणारा सरकारी कारखाना आहे. १८२४ मध्ये तिथल्या रंगखात्याची जबाबदारी मिशेल युजेन शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. विणकरांची एक तक्रार त्यांच्यापुढे होती. निळ्या आणि जांभळ्या भागातल्या सावल्यांसाठी दिलेलं काळं सूत पुरेसं काळं दिसत नाही, रंगात खोट आहे. शेव्हरलनी ते सूत तपासलं, दुसरीकडच्या काळ्या सुताशी ताडून पाहिलं. रंगात काही दोष नव्हता. दोष शेजाराचा होता. निळ्या-जांभळ्याच्या कुशीत काळा आपलं बळ गमावत होता.

या शोधावर त्यांनी अनेक वर्षं प्रयोग केले आणि १८३९ मध्ये रंगांच्या एककालिक विरोधावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला नियम सोपा आहे. दोन रंग शेजारी ठेवले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची झाक टाकतो. लालाशेजारचा राखाडी हिरवट भासतो, हिरव्याशेजारचा गुलाबीसर, पिवळ्याशेजारचा निळसर जांभळट. काळ्याशेजारी तो उजळतो, पांढऱ्याशेजारी मळतो.

आता हे सोलापुरी चादरीवर लावून बघा. चादरीच्या जुन्या ओळखीच्या रंगांत मरून, गडद हिरवा, निळा असे भरदार रंग आहेत. मरून जमिनीवर फिकट राखाडी वेलबुट्टी काढायची म्हणून रंगाऱ्याने अगदी तटस्थ, कुठलीही झाक नसलेलं राखाडी सूत दिलं, तर मागावरून उतरलेल्या चादरीत ती बुट्टी हिरवट दिसेल. ती राखाडी ‘दिसावी’ असं वाटत असेल तर सुतात किंचित तांबूस झाक आधीच घालावी लागते. डोळा हिरव्याकडे ओढणार हे ठाऊक असेल तर आपण आधीच थोडं तांबड्याकडे झुकून उभं राहायचं. गडद हिरव्या जमिनीवर तीच युक्ती उलटी करायची.

पण विणकामात आणखी एक पेच आहे. म्युनिकचे विल्हेल्म फॉन बेत्सोल्ड हे मुळात हवामानशास्त्रज्ञ, पण १८७४ मध्ये त्यांनी रंगशास्त्रावर पुस्तक लिहिलं. नक्षीतला एकच रंग बदलला तर सगळ्या गालिच्याचा तोंडवळा बदलतो, हे त्यांनी दाखवलं. बारीक रेघांच्या नक्षीत शेव्हरलच्या नियमाच्या उलट घडतं. रेघा बारीक असल्या की डोळा फरक वाढवत नाही, रंग एकमेकांत पसरवतो. राखाडीवर मरून बारीक रेघा ओढल्या तर राखाडीच तांबूस वाटू लागतो. म्हणजे एकच राखाडी सूत रुंद पट्ट्यात हिरवट आणि बारीक जाळीत तांबूस दिसू शकतं. सुताची लडी हातात घेऊन ‘हा राखाडी चांगला’ असं म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. नक्षीचा ग्राफ शेजारी हवा. जकार्ड मागाच्या नक्षीसाठी चौकटींच्या कागदावर एक-एक घर भरणारा कलाकार हे अनुभवानं शिकतो: कुठल्या घराशेजारी कुठलं घर येतं, यावर रंग ठरतो.

शंभर ग्रॅमचा हिशोब

सोलापुरात पहिली कापडगिरणी, लोकांच्या तोंडी असलेली ‘जुनी मिल’, १८७७ ची. हातमाग त्याच्याही आधीपासून. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराच्या मागांना जे वळण दिलं, त्यातून पुढे सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल घडले. दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या धंद्यात चादरीसाठी आधी सूत रंगवतात आणि मग विणतात. त्यामुळे रंगाचा खरा निकाल मागावर लागतो, पण खरी परीक्षा रंगाच्या हौदावर होते.

काळा रंगवणं सोपं आणि फिकट राखाडी कठीण, हे ऐकून नवख्याला आश्चर्य वाटतं. हिशोब करून बघू. सुती धाग्यावर गडद काळा आणायचा तर सुताच्या वजनाच्या पाच-सहा टक्के रंग लागतो. शंभर किलो सुताला पाच-सहा किलो. फिकट छटेसाठी दहावा हिस्सा टक्का धरला, तर शंभर किलोला अवघे शंभर ग्रॅम. हे शंभर ग्रॅम बहुधा तीन रंगांत वाटायचे: एक निळा, एक तांबडा, एक पिवळा. तिघांचा तोल जमला तरच राखाडी जन्मतो. काळ्याच्या पाच किलोत पाच ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर कुणाला पत्ता लागत नाही. शंभर ग्रॅमच्या राखाडीत पाच ग्रॅम तांबडा जास्त पडला तर सगळी खेप गुलाबीसर होते.

त्यात सुताचा स्वतःचा रंग असतो. काळ्याखाली कोऱ्या सुताची पिवळट झाक झाकली जाते. फिकट राखाडीखाली ती दिसत राहते आणि त्याला खाकीकडे ओढते. म्हणून आधी सूत उकळून त्यातलं मेण काढावं लागतं, हायड्रोजन पेरॉक्साइडने ते नीट उजळवावं लागतं, आणि प्रत्येक खेप सारखीच उजळली पाहिजे. पाण्यातलं लोह, चुन्याचे क्षार, तापमान, मीठ घालण्याचा वेग यांतला जरासा बदल फिकट छटेत ठिपके किंवा पट्टे होऊन उमटतो. एका लॉटचा राखाडी दुसऱ्या लॉटशी जुळवणं हे रंगाऱ्याच्या कौशल्याचं खरं माप आहे.

आणि मग उंबऱ्यावरची ती गोष्ट. तीन रंगांच्या मिश्रणातून बनलेला राखाडी एका उजेडात नमुन्याशी तंतोतंत जुळतो आणि दुसऱ्या उजेडात वेगळा पडतो. ट्यूबलाइटच्या उजेडात काही लहरी जास्त असतात, काही कमी. सूर्यप्रकाशात त्या सलग असतात. जिथे एका रंगाचं शोषण दुसऱ्यापेक्षा वेगळं, तिथे उजेड बदलला की तोल ढळतो. म्हणून निर्यातीचा माल तपासणारे लोक एका पेटीत नमुना ठेवून एकामागून एक दिवे लावून बघतात: दुपारच्या उजेडासारखा, दुकानातल्या ट्यूबसारखा, पिवळ्या बल्बसारखा. दुकानातून उंबऱ्यावर जाणारी बाई हीच तपासणी पायांनी करत असते.

त्या पेटीची आतली बाजू कुठल्या रंगाची असते? तटस्थ राखाडी. आतल्या भिंतींनी नमुन्यावर स्वतःची झाक टाकू नये म्हणून. रंगाचा पक्केपणा मोजायलाही राखाडीच लागतो. धुण्यानं किंवा उन्हानं कापडाचा रंग किती उतरला, हे ठरवण्यासाठी राखाडीच्या नऊ जोड्यांची एक प्रमाणित पट्टी असते. मूळ कापड आणि धुतलेलं कापड यांच्यातला फरक कुठल्या जोडीतल्या फरकाएवढा, ते बघून पाचपासून एकपर्यंत गुण देतात. पाच म्हणजे काहीच बदल नाही. लाल असो की निळा, सगळ्या रंगांचा न्याय राखाडीच्या तागडीत होतो.

राखाडी बनवायच्या तीन वाटा

राखाडी हौदातच बनवायला हवा असं नाही. दुसरी वाट सूत काततानाची. काळा आणि पांढरा कापूस एकत्र पिंजून, मिसळून कातला की ठिपकेदार राखाडी सूत मिळतं, बनियन-टीशर्टांत आपण बघतो तसं. तिसरी वाट मागावरची. ताणा पांढरा आणि बाणा काळा घेऊन साधी वीण घातली तर हातभर अंतरावरून कापड राखाडी दिसतं. डोळ्याला एक-एक धागा वेगळा काढता येत नाही, म्हणून तो सरासरी काढतो.

या तिन्ही राखाडींचा स्वभाव वेगळा. हौदातला राखाडी सपाट आणि शांत असतो. पिंजलेल्या राखाडीत मऊ धूसरपणा येतो. विणलेला राखाडी जवळ गेल्यावर जिवंत होतो, हलल्यावर लकाकतो. शिवाय तो खेप बदलली तरी फारसा ढळत नाही, कारण काळं सूत आणि पांढरं सूत दोन्ही पुन्हा-पुन्हा तसंच मिळवणं तुलनेनं सोपं आहे. सपाट राखाडी कंटाळवाणा वाटत असेल तर रंग बदलण्याआधी वीण बदलून बघावी.

टॉवेलच्या बाबतीत पोताचं महत्त्व आणखी वाढतं. टेरी कापडावर उभे फासे असतात. फाशांच्या मधल्या फटींत सावली साठते, त्यामुळे तोच रंग सपाट कापडापेक्षा टेरीवर थोडा गडद दिसतो. फासे कातरून मखमलीसारखे केले तर हात फिरवाल त्या दिशेनं छटा बदलते. आणि टॉवेल ओला होतो. ओलं कापड गडद का दिसतं? कोरड्या तंतूंच्या मधल्या हवेमुळे उजेड वारंवार वळून बाहेर फेकला जातो. हवेच्या जागी पाणी आलं की उजेड कमी वळतो, आत खोल जातो आणि तिथेच शोषला जातो. ओल्या राखाडी टॉवेलवर म्हणून गडद डाग उठून दिसतात. न्हाणीघरातल्या वस्तूसाठी राखाडी निवडताना कोरडा आणि ओला, दोन्ही नमुने बघायला हवेत.

या मातीतले राखाडी

सोलापूरच्या घरांत फिकट राखाडी बाहेरून आणावा लागला नाही. तो पायाखालीच होता. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. सोलापूरहून कलबुर्गीमार्गे वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेवर शहाबाद हे गाव लागतं, भीमेच्या खोऱ्यातलं. तिथून आलेल्या या फरशीनं महाराष्ट्रातल्या किती घरांची ओसरी, स्वयंपाकघर आणि शाळेचा व्हरांडा घडवला! कोरडी असताना ती फिकट, निळसर राखाडी असते. पुसली की गडद होते, वाळली की पुन्हा फिकी पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, त्या दिवसांत या फरशीवर अंग टाकणं हे सुख सोलापूरकराला सांगायला नको. तो थंडावा दगडाच्या स्पर्शाचा असतो. पण रंगालाही आपण ‘थंड’ म्हणतो, त्यामागे अशा स्पर्शांच्या आठवणी असाव्यात असं मला वाटतं.

दुसरा राखाडी गावातल्या जमिनीच्या नावात आहे. शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, चुलीतली राख, जनावरांचं शेण यांतून वस्तीच्या जागेची माती तयार झाली. माळवदावर पसरायला हीच माती वापरत. तिला पांढरी म्हणतात, पण हातात घेतली तर ती फिकट राखाडी असते. भोवतीच्या काळ्याभोर रानामुळे ती पांढरी दिसते. शेव्हरलनी नियम लिहिण्याच्या कितीतरी आधी आपल्या भाषेनं हा शेजाराचा परिणाम नावात गोंदवून ठेवला होता.

तिसरा राखाडी कपाळावरचा. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, आणि मानकरी-भक्त पांढऱ्या बाराबंदीत चालतात. त्यांच्या कपाळावर भस्माचे पट्टे असतात. शेणाच्या गोवऱ्या जाळून केलेलं भस्म डबीत राखाडी असतं. ओल्या बोटानं लावताना तर जवळजवळ दिसतच नाही. वाळलं की सावळ्या कपाळावर ते लख्ख उजळतं. त्याच भस्माचं बोट पांढऱ्या बाराबंदीला लागलं तर मात्र तो मळकट डाग असतो. दोन वितींच्या अंतरात एकच राखाडी तेज होतो आणि मळही होतो.

निवडायचा कसा

एवढं समजल्यावर घरासाठी, कापडासाठी किंवा कागदासाठी फिकट राखाडी निवडताना काही गोष्टी मनाशी धरता येतील.

पहिली म्हणजे, राखाडी शेवटी ठरवावा. आधी बदलता न येणाऱ्या गोष्टी मांडाव्यात: फरशी, दरवाज्याचं लाकूड, चादर, साडीचा काठ. भिंतीला राखाडी द्यायचा असेल आणि खाली शहाबादी असेल, तर भिंतीचा राखाडी थोडा उबदार, राखेकडे झुकणारा घ्यावा. दोन्ही निळसर झाले तर खोली फिकी आणि उदास वाटते. सागवानी लाकडाच्या नारिंगीपणाशेजारी तटस्थ राखाडीही निळा दिसणार, हे गृहीत धरावं.

दुसरी गोष्ट झाक ओळखण्याची. एकट्या नमुन्यात झाक कळत नाही. नमुना कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि शेजारी आणखी दोन राखाडी ठेवावेत. तिघांत निळसर कोण, हिरवट कोण, तांबूस कोण, हे लगेच बोलू लागतं.

तिसरी म्हणजे वेळ. सकाळी, टळटळीत दुपारी आणि दिवे लागल्यावर अशा तिन्ही वेळा नमुना बघावा. सोलापूरच्या दुपारचं ऊन इतकं प्रखर असतं की बाहेरच्या भिंतीवरचा फिकट राखाडी पांढराच वाटतो. बाहेर राखाडी ‘दिसायला’ हवा असेल तर आतल्यापेक्षा एक-दोन पायऱ्या गडद घ्यावा लागतो. उत्तरेकडच्या खिडकीच्या खोलीत उलट, तोच रंग मळभासारखा दाटतो.

चौथी गोष्ट, सोबतीला एक भरदार रंग द्यावा. शेंगाचटणीचा तांबूस तपकिरी, मरून, गडद मोरपंखी, हळदीचा पिवळा. राखाडी मोठ्या जागेवर आणि भरदार रंग लहान जागेवर असला की दोघांचं चांगभलं होतं. भरदार रंग खुलतो, आणि राखाडीला त्याच्याकडून एक हलकी विरोधी झाक उसनी मिळते.

पाचवी गोष्ट पडद्यावरची. संगणकाच्या रंगयादीत ‘लाइट ग्रे’ म्हणून जो रंग आहे त्यात तांबडा, हिरवा, निळा तिघेही २५५ पैकी २११ असतात. आकड्यानं तो ८३ टक्के वाटतो, पण पडदा प्रत्यक्षात पांढऱ्याच्या सुमारे ६५ टक्के उजेड देतो. पार्श्वभूमी म्हणून हा रंग उत्तम आहे. त्यावरच्या काळ्या अक्षरांचा उठाव १४ ला १ असतो. पण याच राखाडीत पांढऱ्यावर अक्षरं काढली तर उठाव जेमतेम दीडास एक. वेबवरच्या मजकुरासाठी सर्वमान्य निकष किमान साडेचारास एक आहे. पांढऱ्यावरच्या राखाडी अक्षरासाठी तिन्ही आकडे ११८ च्या आसपास किंवा त्याखाली असले तरच तो गाठता येतो. दिसायला नाजूक म्हणून अक्षरं फिकट करणाऱ्यानं मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या वाचकाची आठवण ठेवावी. फिकट राखाडीनं बसायला जागा द्यावी, बोलायचं काम गडद रंगावर सोपवावं.

आणि शेवटची गोष्ट धुण्याची. बऱ्याच साबण-पावडरींत अशी द्रव्यं असतात, जी उन्हातली न दिसणारी अतिनील किरणं शोषून निळसर उजेड सोडतात. पांढरे कपडे त्यामुळे झगझगतात. फिकट राखाडी कपडे मात्र धुण्यागणिक निळसर होत जातात. राखाडी जपायचा असेल तर त्याला पांढऱ्यांच्या पावडरीपासून दूर ठेवावं.

या सगळ्या गोष्टी त्या उंबऱ्यावरच्या सवयीतच आहेत, तिला फक्त एक जोड द्यायची. पुढच्या वेळी राखाडी टॉवेल, साडी किंवा रंगाचं कार्ड घेऊन दुकानाच्या उंबऱ्याकडे जाल तेव्हा त्याला एकट्याला नेऊ नका. घरातल्या चादरीचा एक कोपरा, फरशीचा एक तुकडा, काठाची एक चिंधी पिशवीत टाकून आणलेली असू द्या. चौघांना एकत्र उजेडात धरा आणि मग बघा राखाडी कुठला दिसतो.